पार्टनर व्हिसावर असताना संसार मोडला तर पुढं काय?

विचारलेलं थोडक्यात असं. त्रिमूर्तीनगरच्या एका भावाची धाकटी बहीण शिकायला मेलबर्नला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. मूळ पुण्याच्या, आता ऑस्ट्रेलियाचा नागरिक झालेल्या मुलाशी तिचं लग्न नागपुरात झालं. परत गेल्यावर पार्टनर व्हिसाचा अर्ज भरला, त्याला सव्वा वर्ष झालं. पाच महिन्यांपूर्वी तात्पुरता, म्हणजे ८२० क्रमांकाचा व्हिसा मिळाला. कायमचा ८०१ अजून यायचाय. मूलबाळ नाही. दीड महिन्यापूर्वी तिनं घर सोडलं, आता मैत्रिणीकडं राहते. नवरा म्हणतो, "एक फोन लावीन, आठ दिवसांत तुला विमानात बसवतील." सासरचे म्हणतात, नागपुरात संमतीच्या घटस्फोटावर सही करा आणि मोकळे व्हा. आईबाबा म्हणतात, कायमचा व्हिसा हाती पडेपर्यंत गप्प राहा. भाऊ विचारतो, ऐकायचं कोणाचं?

भाऊ, तिघांपैकी कोणाचंच नाही. आईबाबांचा सल्ला मायेपोटी आलाय, पण सगळ्यांत मोठा धोका त्यातच आहे.

मी नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करतो. परदेशातले व्हिसा अर्ज मी भरत नाही, ते तिथले वकील भरतात. पण त्या फायलींना लागणारा भारतातला अर्धा भाग, म्हणजे लग्नाची नोंद, शपथपत्रं, घटस्फोटाचे कागद, माझ्या टेबलावरून जातो. माझ्या अनुभवात अशा केसेस कायद्याच्या कलमापायी क्वचित बुडतात. त्या बुडतात तारखांपायी. मेलबर्नच्या कागदात एक तारीख, नागपूरच्या कागदात दुसरी.

आधी नवऱ्याच्या धमकीबद्दल. व्हिसा रद्द करायचा अधिकार नवऱ्याला नाही, तो तिथल्या होम अफेअर्स खात्याला आहे. नवरा स्पॉन्सरशिप, म्हणजे तिच्या व्हिसाला दिलेला पाठिंबा, मागं घेऊ शकतो, नातं संपल्याचं कळवू शकतो, आणि चिडलेला असला तर "ही व्हिसासाठीच माझ्याशी लग्न करून आली" असंही लिहू शकतो. असं पत्र गेलं तरी व्हिसा त्या दिवशी संपत नाही. खातं बहिणीला लेखी विचारतं: असं कळलंय, तुमचं म्हणणं काय? उत्तराला साधारण २८ दिवस मिळतात. ८२० ची मुदत अशी बांधलेली आहे की ८०१ वरचा निर्णय कळवेपर्यंत, किंवा अर्ज मागं घेईपर्यंत तो चालू राहतो. आठ दिवस आणि विमान ही नवऱ्याची कल्पना आहे.

मात्र त्या वाक्यातला "अर्ज मागं घेईपर्यंत" हा तुकडा नीट वाचा. अर्ज मागं घेतला की ८२० सुद्धा संपतो. काही नवरे "तुझ्या बाजूनंच अर्ज मागं घे, रेकॉर्डवर नकार तरी येणार नाही" असं समजुतीच्या सुरात सांगतात. वकिलाला न दाखवता तिनं अशा कशावरही सही करू नये, कुठल्याही लिंकवर होकार देऊ नये.

आता एक गोष्ट, जिच्याकडं घरचे कोणी बघत नाहीत. अर्ज भरला तेव्हा इमीअकाउंट या व्हिसा अर्जाच्या सरकारी वेबसाइटवरचं अकाउंट कोणी उघडलं? बहुतेक घरांत नवऱ्यानं, त्याच्या ईमेलवर, त्याच्या पासवर्डनं. मग होम अफेअर्स खात्याचं ते २८ दिवसांचं पत्र जाणार कुठं? त्याच्या इनबॉक्समध्ये. ज्या दिवशी ईमेल पाठवला, त्याच दिवशी तो तिला मिळाला असं कायदा धरून चालतो. तिनं उघडला की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. बायकोला काही कळत नाही, २८ दिवस उलटतात आणि उत्तर न आल्यानं अर्ज नाकारला जातो. म्हणून आज तिच्याशी बोलाल तेव्हा "जेवलीस का" नंतरचा पहिला प्रश्न हा असू द्या. स्वतःचा नवा ईमेल, नवा पासवर्ड, स्वतःचं नवं अकाउंट, त्यात तो अर्ज जोडून घेणं, आणि होम अफेअर्स खात्याला पत्ता व ईमेल बदलल्याचं लेखी कळवणं, हे एका दिवसात होणारं काम आहे. जुन्या फोनवरचं गुगल खातं दोघांच्या नावावर चालू असेल तर तेही बंद करायला सांगा, नाहीतर नवा ईमेलही तो वाचेल.

आता "गप्प बस" या सल्ल्याबद्दल. तर्क असा असतो की ८०१ चा विचार अर्ज भरल्यापासून दोन वर्षांनी होतो, सव्वा वर्ष गेलंच आहे, नऊ महिने कळ काढली की झालं. पण ८०१ आपोआप मिळत नाही. दोन वर्षं भरली की नातं अजून चालू आहे याचे ताजे पुरावे द्यावे लागतात, आणि त्यात स्पॉन्सरचं, म्हणजे नवऱ्याचं, निवेदन असतं. म्हणजे हे लपवणं त्याच्या सहीशिवाय होऊच शकत नाही. ज्या माणसानं तिला घराबाहेर पडायला लावलं त्याच्याच हाती तुम्ही दोरी देताय. नऊ महिने तो म्हणेल तसं वागायचं, पैसे मागेल तेव्हा द्यायचे, आणि शेवटी त्यानं सही केली नाही तर तिनं नऊ महिने खात्यापासून सत्य लपवलं एवढंच सिद्ध होणार.

कायद्यानंही हे लपवता येत नाही. तिथल्या १९५८ च्या मायग्रेशन ॲक्टच्या कलम १०४ प्रमाणं अर्जातली परिस्थिती बदलली तर अर्जदारानं ते कळवायचंच असतं. खोटी माहिती दिली किंवा दिशाभूल केली तर अर्ज नाकारला जातो आणि पुढची तीन वर्षं बऱ्याच व्हिसांचा रस्ता बंद होतो. व्हिसा मिळून गेल्यावर उघड झालं तर मिळालेलाही रद्द होऊ शकतो. कायमचा व्हिसा मिळवून पुढं नागरिकत्वाच्या वेळी जुन्या पत्त्यांची विचारपूस झाली की झोप उडालेली माणसं मी बघितली आहेत.

दुसरं कारण माझ्या मते याहून मोठं आहे. खात्याच्या फायलीत पहिली हकीकत कोणाची पडते, याला फार वजन असतं. नवऱ्याचं पत्र आधी गेलं आणि बायकोचं उत्तर त्यावर आलं, तर ते बचावासारखं वाचलं जातं. तिनं स्वतःहून, तारखेनिशी, कागद जोडून कळवलं तर तीच हकीकत तक्रारीला उत्तर न वाटता माहिती म्हणून वाचली जाते. ऑफिसर माणूसच असतो.

याचा अर्थ आज रात्रीच ईमेल ठोकून द्या असा नाही. नातं "संपलं" कधी, हे आधी ठरवावं लागतं. ऑस्ट्रेलियाचा कायदा नवरा-बायको कायमचे वेगळे राहत नाहीत ना, हे बघतो. भांडण होऊन मैत्रिणीकडं पंधरा दिवस काढले, दोघं समुपदेशनाला जातायत, परत एकत्र येण्याची खरी शक्यता आहे, तर नातं संपलं असं म्हणता येत नाही. तुमच्या बहिणीचं तसं आहे का, हे तिलाच विचारा. तुम्ही नाही, आईनं नाही, मावशीनं तर नाहीच नाही. ते तिला ठरवू द्या. आणि एकदा ठरलं की तो दिवस लिहून ठेवा. तीच तारीख पुढं प्रत्येक कागदावर, प्रत्येक देशात, प्रत्येक वकिलाकडं तीच राहील.

नातं संपलं तरी ८०१ मिळण्याचे तीन मार्ग कायद्यानं ठेवलेले आहेत. स्पॉन्सरचा मृत्यू झाला असेल तर, दोघांचं मूल असून त्याचा ताबा, भेट किंवा पोटगी यांची जबाबदारी असेल तर, किंवा नात्यात स्पॉन्सरकडून कौटुंबिक हिंसा झाली असेल तर. पहिले दोन तुमच्याकडं लागू नाहीत. तिसऱ्याबद्दल तुम्ही एवढंच लिहिलंत, "थोडाफार त्रास होताच, पण मारहाण नव्हती." आपल्याकडं हे वाक्य फार सहज निघतं. त्या "थोड्याफार" मध्ये काय काय आहे? यातलं काही घडलं का, ते तिला विचारा.

पगार तिचा, पण कार्ड त्याच्याकडं. किराण्याचे पैसे मागून घ्यायचे. पासपोर्ट त्याच्या कपाटात कुलूपबंद. फोन तपासणं, मैत्रिणींना भेटू न देणं. लग्नात "एवढंच दिलं" म्हणून सासूचे दर रविवारचे व्हिडिओ कॉल आणि त्यानंतर रात्रभर त्याचं ओरडणं. आणि हीच धमकी, की व्हिसा काढून घेईन. ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा नियमांत हिंसा म्हणजे फक्त हात उचलणं नव्हे. ज्या वागण्यानं किंवा धमकीनं माणसाला स्वतःच्या सुरक्षिततेची किंवा भल्याची रास्त भीती वाटते, ते त्यात येतं. मानसिक आणि आर्थिक छळही धरला जातो. मेलबर्न ज्या व्हिक्टोरिया राज्यात आहे, तिथल्या कौटुंबिक हिंसेच्या कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनं हुंडा मागण्यासाठी केलेली जबरदस्ती आणि छळ हे उदाहरण म्हणून थेट लिहिलंय. तिथल्या पोलिसाला हुंडा म्हणजे काय हे समजावून सांगावं लागेल असं समजू नका.

एक अट नीट लक्षात घ्या. ही हिंसा नातं चालू असताना घडलेली असावी लागते. वेगळं झाल्यावर आलेले शिवीगाळीचे मेसेज पुरावा म्हणून उपयोगी पडतात, पण फक्त तेवढ्यावर केस उभी राहत नाही.

पुरावा दोन रीतींनी देता येतो. एक न्यायालयाचा: तिथं ज्याला इंटरव्हेन्शन ऑर्डर म्हणतात तो आदेश, आणि तोही नवऱ्याला बाजू मांडायची संधी मिळाल्यानंतर झालेला, पहिल्या दिवशीचा एकतर्फी अंतरिम आदेश त्यासाठी पुरत नाही. दुसरी रीत न्यायालयाबाहेरची: बहिणीचं स्वतःचं शपथेवरचं निवेदन आणि त्याच्या जोडीला डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, पोलीस, सोशल वर्कर, महिला निवारा केंद्र अशांपैकी किमान दोन वेगळ्या प्रकारचे कागद. ऑफिसरचं समाधान झालं नाही तर प्रकरण स्वतंत्र तज्ज्ञाकडं जातं आणि त्या तज्ज्ञाचं मत खात्यावर बंधनकारक असतं. कागद कुठून येणार? ती ८२० वर आहे, म्हणजे मेडिकेअरचं, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, कार्ड असणार. मग तिच्या नेहमीच्या डॉक्टरकडं जाऊन झोप येत नाही, छातीत धडधडतं, घरी काय घडलं हे स्पष्ट सांगायचं. डॉक्टर ते नोंदवतो. आपल्या मुली डॉक्टरला "ऑफिसचं टेन्शन आहे" सांगून येतात, आणि सहा महिन्यांनी तीच नोंद नवऱ्याचा वकील वाचून दाखवतो. धंतोलीतल्या तुमच्या फॅमिली डॉक्टरांचं पत्र पूरक म्हणून ठेवा, त्यावर भार टाकू नका. तिथल्या १८००रिस्पेक्ट या हेल्पलाइनवर, १८०० ७३७ ७३२ ला, चोवीस तास बोलता येतं. इंग्रजीतून मन मोकळं होत नसेल तर १३१ ४५० या सरकारी दुभाषा सेवेमार्फत बोलता येतं. जीवाला धोका वाटला तर थेट ०००.

आणि हिंसा खरोखरच झाली नसेल? दोघांचं पटलं नाही, तो तिला कंटाळला, त्याचं दुसरीकडं सुरू झालं, एवढंच असेल? मग हा मार्ग तिचा नाही. व्हिसासाठी हिंसा रचू नका. नैतिकतेचा भाग सोडला तरी ती टिकत नाही. स्वतंत्र तज्ज्ञ असल्या कहाण्या रोज ऐकतो. अशा वेळी विचार करायचा तो दुसऱ्या व्हिसाचा, आणि त्यासाठी वेळेचा हिशेब फार कडक आहे. आज तिच्या हातात चालू ८२० आहे, म्हणून नोकरीच्या किंवा कौशल्याच्या वर्गातून तिथं बसूनच अर्ज करता येण्याची शक्यता आहे. एकदा ८०१ नाकारला गेला आणि ८२० संपला की त्याच मायग्रेशन ॲक्टचं कलम ४८ आडवं येतं आणि देशात राहून नवा अर्ज करायचे बहुतेक रस्ते बंद होतात. शिक्षण आणि नोकरी दोन्ही तिथलं असलेल्या मुलीला कंपनी स्पॉन्सर करायला तयार होऊ शकते. पण ते नकार येण्याआधी विचारायचं. नकार आलाच तर अपिलाची मुदत त्या पत्रात लिहिलेली असते आणि ती चुकली की चुकली.

परत यायचं ठरवलं तर तोही निर्णयच आहे. "परत आली" म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठी तिनं परदेशात खितपत पडायची गरज नाही.

"काही दिवस घरी येऊन जा" असं आई म्हणतेय, हे तुम्ही लिहिलंय. ८२० वर ये-जा करता येते, त्यामुळं तिला अडचण नाही; फक्त निघण्याआधी व्हेवो या सरकारी वेबसाइटवर स्वतःच्या व्हिसाची स्थिती तपासून तिनं त्याची प्रत ठेवावी. मात्र ज्यांना ८२० अजून मिळालेला नाही आणि जे ब्रिजिंग व्हिसा ए वर, म्हणजे निर्णय होईपर्यंतच्या तात्पुरत्या व्हिसावर, बसलेत, त्यांनी परवानगीचा ब्रिजिंग व्हिसा बी घेतल्याशिवाय देश सोडायचा नाही. बाहेर पाऊल पडलं की ए संपतो. वडील आजारी म्हणून रातोरात निघालेल्या मुली परत जाऊ शकत नाहीत, त्या याच कारणानं. ज्यांना मूल आहे त्यांनी तर मुलाला घेऊन नागपूरला निघण्याआधी तिथल्या वकिलाला विचारावंच. मुलाच्या ताब्याचा दावा तिथं चालू असताना संमतीशिवाय मूल देशाबाहेर नेणं हा तिथं गुन्हा आहे.

आता माझ्या अंगणातला भाग. सासरचे संमतीच्या घटस्फोटाची घाई का करतायत, ते बघा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली अर्ज करायचा तर दोघं किमान वर्षभर वेगळे राहतायत असं शपथेवर लिहावं लागतं. अर्जानंतरची सहा महिन्यांची वाट न्यायालय माफ करू शकतं, सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या अमरदीप सिंग खटल्यात तसं सांगितलंय. पण सही करण्याआधीचं ते वर्ष मात्र शपथपत्रात दाखवावं लागतं. तुमची बहीण वेगळी राहतेय दीड महिना. म्हणजे आज अर्ज टाकायचा तर कोणीतरी "दोघं गेल्या वर्षभरापासून विभक्त आहेत" असं टाइप करणार. कोर्टाच्या आवारात हे इतक्या सहज होतं की पक्षकारालाही त्यात वावगं वाटत नाही. "तारखेचं काय एवढं, ॲडजस्ट होतं" असं सांगतात.

तुमच्या बाबतीत ते ॲडजस्ट होणार नाही. हिशेब करा. व्हिसाचा अर्ज सव्वा वर्षापूर्वीचा, ८२० पाच महिन्यांपूर्वीचा. वर्षभरापासून वेगळे असं तिनं नागपूरच्या न्यायालयात शपथेवर लिहिलं, की ८२० मिळाला तेव्हा ती नवऱ्यासोबत राहतच नव्हती आणि तिनं खात्याला फसवलं, असा त्याचा सरळ अर्थ होतो. ते शपथपत्र नवरा इंग्रजी प्रतीसह मेलबर्नला पाठवील. त्याच अर्जात दुसरं एक ठरावीक वाक्य असतं: "उभयतांची एकमेकांविरुद्ध कोणतीही तक्रार नाही व भविष्यात करणार नाहीत." तिकडं हिंसेच्या आधारावर अर्ज आणि इकडं तक्रार नाही म्हणून सही! दोन्ही वाचणारा ऑफिसर काय समजेल?

म्हणून संमतीचा घटस्फोट घ्यायला हरकत नाही, पण वेगळं झाल्याची खरी तारीख आणि त्यानंतर खरोखरचं एक वर्ष. मसुदा मेलबर्नच्या वकिलाला दाखवूनच कोर्टात टाकायचा. ती स्वतः येऊ शकली नाही तर मुखत्यारपत्र आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंग यांची सोय होऊ शकते. "येऊन सही कर" या दबावाला तिनं बळी पडू नये.

घटस्फोट तिकडंही मिळतो. १९७५ च्या फॅमिली लॉ ॲक्टखाली तिथं दोष सिद्ध करावा लागत नाही, बारा महिने वेगळं राहणं पुरतं, आणि दोघांना मिळून एकत्र अर्जही करता येतो. भारताच्या बाजूनं अडचण एकतर्फी निकालाची असते. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये नरसिंह राव विरुद्ध व्यंकटलक्ष्मी खटल्यात सांगितलं की ज्या कायद्यानं लग्न झालं त्या कायद्यात नसलेल्या कारणावर परदेशी न्यायालयानं दिलेला घटस्फोट, दुसऱ्या बाजूनं स्वेच्छेनं ते न्यायालय मान्य केलं नसेल तर, इथं मानला जाणार नाही. नवऱ्यानं एकट्यानं तिकडं घटस्फोट घेतला आणि तिनं नोटिशीकडं दुर्लक्ष केलं, तर ती तिकडं घटस्फोटित आणि इथं विवाहित अशी लटकते. पुढं दुसरं लग्न करायची वेळ येते तेव्हा हे कळतं. एकत्र अर्ज केला तर हा घोळ टळतो. मात्र तिकडचा घटस्फोट पक्का झाल्यावर मालमत्तेच्या वाटणीचा दावा लावायला बारा महिनेच मिळतात, हे तिच्या वकिलाकडून आधी समजून घ्या.

ऑस्ट्रेलियात व्हिसासाठी घटस्फोटाची तारीख महत्त्वाची नसते, नातं संपल्याची तारीख महत्त्वाची असते. "घटस्फोट झाला नाही ना, मग व्हिसा चालू" हा समज तिथं चुकीचा. अमेरिकेत एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असलेल्या बायकोचं नेमकं उलटं आहे. ते खाली येईलच.

तुमचे काका म्हणतायत तसा लगेच एफआयआर करावा का? कायद्यानं नागपुरात तक्रार करता येते. सासर सोडून माहेरी यावं लागलेली स्त्री माहेरच्या ठिकाणी क्रूरतेची तक्रार करू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात ठरवलं. क्रूरतेचं ते कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ प्रमाणं ती तात्पुरती जिथं राहते तिथंही अर्ज चालतो. महिलांच्या तक्रारींसाठी पोलिसांचा भरोसा सेल आहे, परदेशस्थ नवऱ्यांच्या प्रकरणांसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा वेगळा कक्ष आहे. पण बहीण सध्या मेलबर्नला आहे, माहेरी नाही. नवरा भारताचा नागरिक राहिलेला नाही, आणि मेलबर्नच्या फ्लॅटमध्ये घडलेल्या गोष्टीवर इथल्या फौजदारी कायद्याचा हात पोचणं कठीण असतं. लग्नात नागपुरात झालेली मागणी, सासूकडं राहिलेलं स्त्रीधन, हे इथलं. त्यावर इथं तक्रार होऊ शकते आणि खरं असेल तर जरूर करावी. फक्त "दबाव आणायला" म्हणून सगळ्या सासरच्यांची नावं आणि चार वाढीव प्रसंग घालू नका. त्या एफआयआरमधली तारीख अन् तारीख तिच्या मेलबर्नच्या निवेदनाशी ताडून पाहिली जाईल. तिकडं "मारहाण नव्हती, धमक्या होत्या" आणि इकडं "लाथाबुक्क्यांनी मारहाण", असं झालं की दोन्हीकडची केस गेली. तक्रार लिहिणाऱ्यानं आधी तिचं निवेदन वाचावं.

हे वाचणारे सगळे ऑस्ट्रेलियावाले नसतील, म्हणून बाकी देशांचं थोडक्यात.

ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या व्हिसावर असताना नातं संपलं तर होम ऑफिसला कळवायचं असतं. मग व्हिसाची मुदत छाटून बहुतेक वेळा ६० दिवस देतात, तेवढ्यात दुसरा मार्ग शोधायचा. हिंसा असेल तर थेट कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो आणि हाताशी पैसा नसेल तर तोवर राहण्याची आणि सरकारी मदतीची तीन महिन्यांची सवलत मागता येते. नवरा तिथं फक्त नोकरीच्या व्हिसावर असेल तर तीन महिन्यांची सवलत मिळते, कायमचं वास्तव्य मिळत नाही. विदर्भातल्या बऱ्याच घरांना माहीत नसलेली गोष्ट अशी: "चल, दिवाळीला नागपूरला जाऊन येऊ" म्हणत बायकोला माहेरी आणून सोडणारे आणि पासपोर्ट घेऊन एकटेच लंडनला परतणारे नवरे असतात. ब्रिटनच्या नागरिकानं किंवा तिथं कायमचा झालेल्या नवऱ्यानं असं टाकून दिलेल्या स्त्रीला ३१ जानेवारी २०२४ पासून भारतात बसूनही तो कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो. अशी कोणी ओळखीत असेल तर "आता काय उपयोग" म्हणून बसू देऊ नका.

अमेरिकेत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. नवरा नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला आणि ग्रीनकार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती, तर दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं. अट काढायचा आय-७५१ अर्ज दोघांनी मिळून करायचा असतो. पण घटस्फोट झाला किंवा छळ झाला तर एकटीनंही करता येतो, त्यासाठी लग्न खरं होतं हे दाखवावं लागतं. संयुक्त बँक खातं, भाडेकरार, एकत्र भरलेले कर, फोटो, हे सगळं घर सोडताना कॉपी करून घ्या. नवरा फक्त एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर बायकोचा एच-४ त्या लग्नावर उभा असतो: नुसतं वेगळं राहिल्यानं जात नाही, घटस्फोटाचा अंतिम निकाल झाला की जातो. त्यामुळं नागपुरात १३-ब वर शेवटची सही कधी करायची, हा प्रश्न तिच्यासाठी थेट व्हिसाचा आहे. आधी दुसऱ्या व्हिसाचा अर्ज, मग सही. नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नवऱ्याच्या छळाविरुद्ध जो स्वतंत्र अर्ज करता येतो, तो एच-१बी वाल्याच्या बायकोला मिळत नाही. तिला छळाच्या आधारावर काम करायचा परवाना मागता येतो.

कॅनडात गैरसमज जुन्या कायद्याचा आहे. स्पॉन्सर झालेल्या जोडीदारानं दोन वर्षं एकत्र राहायचीच अशी अट २०१२ मध्ये आली होती, ती १८ एप्रिल २०१७ ला काढून टाकली. एकदा पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, मिळाला आणि लग्न खरं होतं, तर नंतर वेगळं झाल्यानं पीआर जात नाही. पीआर मिळायच्या आधीच स्पॉन्सरनं हात काढला तर अर्ज पडतो. जर्मनीत तिथं एकत्र तीन वर्षं संसार झाला असेल तर स्वतःच्या नावावर राहण्याचा परवाना मिळू शकतो. छळासारख्या कठोर परिस्थितीत त्याआधीही.

शेवटी कोणाकडं जायचं. सीताबर्डी आणि धरमपेठेत पाट्या लावलेले व्हिसा कन्सल्टंट विद्यार्थी व्हिसाची कागदं भरायला ठीक असतील, पण मोडलेल्या नात्याचं काम त्यांच्याकडं देऊ नका. ऑस्ट्रेलियात पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायला नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा तिथला वकील असावा लागतो; एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारी यादीत कोणालाही तपासता येतो, तो मागा. ज्या एजंटनं दोघांचा मूळ अर्ज भरला तो नवऱ्याच्या ओळखीचा असेल तर तोही नको. तिचा माणूस वेगळा हवा. पहिल्या भेटीला तिनं अर्जाची पूर्ण प्रत, ८२० मिळाल्याचं पत्र, घर सोडल्याची तारीख, त्या दिवसाच्या आधीचे मेसेज आणि पगार जमा होणाऱ्या खात्याचे उतारे न्यावेत. तुम्ही इथून लग्नपत्रिका, महापालिकेच्या झोन ऑफिसातल्या विवाह नोंदणीची प्रत, लग्नाच्या खर्चाच्या आणि दागिन्यांच्या पावत्या स्कॅन करून तिच्या नव्या ईमेलवर पाठवा. सासरहून कोणी मसुदा घेऊन आलं तर घ्या, चहा पाजा, आणि सही न करता प्रत ठेवून घ्या.